अधिक-उणे

दाजींना फोन करून "किती वाजता येताय?" असं विचारलं, की पलीकडे दोन सेकंद शांतता असते. मग उत्तर येतं, "साडेसहा. अधिक-उणे वीस मिनिटं."

आमच्या नात्यागोत्यातला दुसरा कुणीही "साडेसहाला पोचतो" म्हणतो आणि पावणेआठला उगवतो. दाजी सहा दहा ते सहा पन्नास यांच्यामध्ये कधीतरी बेल वाजवतातच. सहा एक्कावन्न झाले तर वाटेत स्कूटर थांबवून फोन करतात आणि गुन्हा कबूल करतात, "अरे, रेल्वेचं फाटक बंद असेल हे मी धरलंच नव्हतं. तीस म्हणायला हवं होतं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीतल्या एका सीनियर कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक. मी जिल्हा परिषदेत कारकून. आमच्याकडे आकडा आधी ठरतो आणि मोजणी त्याच्या सोयीने होते. दाजींकडे मोजणी आधी, आकडा नंतर, आणि तो बिचाराही कधी एकटा येत नाही. नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसं त्याच्यामागून अधिक-उणे येतं. आणि ताई आहे पोस्टात, काउंटरवर. तिथे संध्याकाळी पाच रुपये कमी भरले तर "अधिक-उणे पाच" म्हणून चालत नाही, पर्समधून काढून भरावे लागतात. अशा दोन माणसांचा संसार पंचवीस वर्षं कसा चाललाय, हा प्रश्न मला नेहमी पडतो. थोडंफार उत्तर मला त्यांच्या कांदेपोह्यांच्या दिवशीच मिळालं होतं, पण तेव्हा मी बारावीत होतो, माझं सगळं लक्ष पोह्यांवर होतं.

तासगावच्या आमच्या घरात दाजी आले, त्यांच्याबरोबर त्यांची आत्या आणि एक लांबचे काका. आत्याने रीतीप्रमाणे स्वयंपाक, शिवण, नोकरी वगैरे विचारून घेतलं. दाजी भिंतीकडे बघत बसले होते. तिथे आजोबांचं चावीचं लंबकाचं घड्याळ होतं. ते घड्याळाकडे बघायचे, मनगटाकडे बघायचे, पुन्हा घड्याळाकडे. बाबांना वाटलं, पाहुण्यांना निघायची घाई झालीय. शेवटी काका म्हणाले, "अरे, तुला काही विचारायचं असेल तर विचार मुलीला."

"तुमचं घड्याळ पुढे आहे," दाजी म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. ताई मात्र मान वर करून म्हणाली, "अकरा मिनिटं. आजोबांची सकाळची एस.टी. चुकू नये म्हणून मुद्दाम ठेवलंय."

"रोज अकराच?"

"रोज अकराच. दर रविवारी चावी देताना मी रेडिओच्या वेळेशी ताडून बघते."

माझ्या समजुतीप्रमाणे दाजींनी ताईकडे नीट पाहिलं ते या क्षणी. "मग ती चूक नाही," ते म्हणाले. "सिस्टिमॅटिक एरर आहे. किती आहे ते ठाऊक असलं की वजा करता येते."

दुसऱ्या दिवशी होकार आला. आईला मात्र साखरपुड्यापर्यंत रुखरुख होती, की मुलाने मुलीत कसली तरी एरर काढलीय आणि ती किती आहे ते आपल्याला सांगत नाहीये.

आजोबा गेल्यावर ते घड्याळ ताईकडे आलं. ज्या घरात बाथरूमच्या वजनकाट्यावर "झीरो एरर +0.4 किलो" अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिथे ते घड्याळ भिंतीवर अकरा मिनिटं पुढेच चालतं. त्याला दाजींनी एक प्रसंग सोडला तर कधी हात लावला नाही. घरातली चारही माणसं, शाळेत जायच्या वयापासून पोरंसुद्धा, त्याच्याकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि चालू लागतात.

दाजींची पीएच.डी. शिवाजी विद्यापीठातली, थिन फिल्म्सवरची. आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात फिजिक्सचे चार प्राध्यापक चहाला एकत्र आले की निदान दोन थिन फिल्मवाले निघतात. तापलेल्या काचेवर रसायनाचा बारीक फवारा मारायचा आणि माणसाच्या केसाहून शेकडो पट पातळ असा एकसारखा थर बसवायचा, असलं काम दाजींनी चार वर्षं केलं. त्या काचा अजून कपाटात मऊ कापसात झोपवून ठेवल्यात. हेच दाजी एका रविवारी "आज घावन मी घालतो" म्हणून उठले. पहिलं घावन एका कडेला भाकरीएवढं जाड झालं आणि मध्ये भोक. दुसरं तव्यावरून सुटेना. ताईने कालथा हातात घेतला, तव्यावर पाण्याचा शिपका मारला, थेंब टणाटण नाचायला लागल्यावर पीठ ओतलं. दाजी मागे उभे राहून म्हणाले, "हा लायडेनफ्रॉस्ट इफेक्ट. तवा खूप तापला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब तव्याला टेकतच नाही. 1756 साली एका जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलंय."

"आमच्या आजीला तुमच्या डॉक्टरचं नाव कुणी सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली. "म्हणून तिची घावनं उलटायची."

कुकरवर तर वर्षानुवर्षं वाद आहे. दाजींचं म्हणणं, शिट्टी हे एकक नाही. आत पाणी किती, ज्योत केवढी, त्यावर शिट्टी लवकर किंवा उशिरा. वजनाखाली एकदा पुरता दाब धरला की आत साधारण 120 अंश, मग गॅस कितीही मोठा करा, डाळ काही जास्त वेगाने शिजत नाही, नुसती वाफ फुकट जाते. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा आणि मिनिटं मोजा. यात चुकीचं काहीच नाही, ताईलाही ते मान्य आहे. म्हणून एकदा तिने कुकर दाजींच्या हवाली केला आणि ती देवळात गेली. दाजींनी स्टॉपवॉच लावलं. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला, की न्यूटनच्या वलयांमधलं मधलं वलय काळं का दिसतं. दाजी गॅलरीत गेले. ते वलय उजळेपर्यंत कुकरातलं पाणी आटलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून डाळीचा फवारा थेट छताला. ताई परत आली तेव्हा दाजी मान वर करून उभे होते. म्हणाले, "व्हॉल्व्ह मात्र ठरल्या तापमानालाच वितळला हं." छतावर थर एकसारखा बसला होता, एवढं मीही कबूल करतो.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं मी सोडून दिलंय. एका मंडईत त्यांना तागडीचा एक दांडा दुसऱ्याहून जरा लांब वाटला. त्यांनी मावशींना सांगितलं, "आता वजन या पारड्यात टाका आणि वांगी त्या पारड्यात."

"का वं सर?"

"दोन्ही वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. म्हणजे तागडीतला दोष आपोआप जातो. गाउसची पद्धत आहे."

मावशींनी तागडी खाली ठेवली. ढिगातली दोन वांगी उचलून पिशवीत टाकली. "ही घ्या वर, आन् वर्गमूळ घरला जाऊन काढा. मागं लोक खोळंबल्यात."

दूधवाल्याची गोष्ट याहून खोल आहे. तो दाजींचाच विद्यार्थी. फर्स्ट इयरला दोनदा बसला, दोनदा आपटला, मग घरच्या म्हशींकडे वळला. चहा पाणचट व्हायला लागला तसं दाजींनी लॅक्टोमीटर आणला. रोज सकाळी पातेल्यात सोडायचा, डोळा दुधाच्या पातळीला आणून रीडिंग घ्यायचं, वहीत टिपायचं. महिनाभर रीडिंग एकदम चोख, आणि चहा तसाच निळसर. शेवटी दाजींनी त्याला जिन्यातच गाठलं. पोरगा खरं बोलला. "सर, तुम्हीच सांगितलं होतं घनतेच्या तासाला. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही बेतानं केलं की रीडिंग जाग्यावर."

दाजी घरात आले ते चेहरा उजळून. "याला कळलं होतं गं! मी याला नापास केला कसा?" दोन दिवस त्यांना ती टोचणी होती. ताईने त्याच संध्याकाळी दूधवाला बदलला.

कॉलेजात त्यांचा दरारा आहे तो एकाच कारणाने. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये खोडरबर चालत नाही. रीडिंग चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. विद्यार्थ्यांची जुनी कला म्हणजे उत्तर आधी पुस्तकात बघायचं आणि तिथून मागे मागे येत रीडिंग तयार करायची. लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायला दिलं, की बॅचच्या बॅच 980 घेऊन हजर. एका तोंडी परीक्षेला मी योगायोगाने डबा द्यायला गेलो होतो, तिथे ऐकलेलं सांगतो.

"980 आलं?"

"हो सर."

"पॉइंट झीरो?"

"हो सर." पोरगं खूश.

"सांगलीत 978 च्या आसपास भरतं. पॅरिसला 981. तू मध्येच कुठे उतरलास रे?"

पुढे पोरं शहाणी झाली. सरांना चुका आवडतात हे कळल्यावर प्रत्येक जर्नलमध्ये एक वेडंवाकडं रीडिंग आणि त्यावर पट्टीने मारलेली सुबक रेघ दिसू लागली. दाजी वर्षभर कौतुक करत राहिले. मग एका रविवारी हॉलभर जर्नलं पसरून बसले असताना त्यांच्या लक्षात आलं, की अठ्ठावीस मुलांची चूक तिसऱ्याच ओळीत झालीय.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची होती तेव्हाची कथा मला त्यांच्या प्राचार्यांच्या बाजूनेच सांगावीशी वाटते, कारण मीही सरकारी माणूस आहे. कॉलेजाला रंग लागला, कुंड्या आल्या, प्रत्येक कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो शोधून काढायला क्लार्क मंडळी रात्री जागू लागली. सात निकष, त्यांचे उपनिकष, त्यांच्या फायली. दाजींच्या वाट्याला विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी आली. त्यांनी मन लावून केली आणि आकड्यापुढे अधिक-उणे लिहून, किती मुलांनी फॉर्म वाचलाच नसावा याचा अंदाज तळटीपेत देऊन फाईल सादर केली.

प्राचार्य म्हणाले, "सर, एवढं अधिक-उणे तेवढं काढून टाका."

"मग आकडा खोटा होईल."

"खोटा नाही हो, सुटसुटीत होईल."

हे वाक्य मी ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली लावायच्या विचारात आहे. दाजींना मग पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या समितीत हलवलं. तिथे त्यांनी फाटकाची रुंदी मोजून मोठी गाडी एका दमात वळणार नाही असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. वळली नाही. नवी कुंडी गेली.

पोरांच्या बाबतीत दाजी कसे, असं कुणी विचारलं तर मी भाचीच्या सातवीतल्या विज्ञान प्रदर्शनाचं सांगतो. प्रदर्शनात बापांनी केलेले ज्वालामुखी ओळीने फसफसत होते. भाचीचं टेबल कोपऱ्यात. दोरा, दोऱ्याला बांधलेला दगड, भिंतीत खिळा, आणि एक कागद. दोरा एक मीटर, वीस आंदोलनांना 41 सेकंद, म्हणून त्वरण 9.4, अधिक-उणे 0.5. परीक्षक बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "बाळ, 9.8 असतं. चुकलंय तुझं." भाची म्हणाली, "मी मोजलं तेव्हा हेच आलं." बक्षीस एका ज्वालामुखीला गेलं.

ती रडवेली घरी आली. दाजींनी कागद दोनदा वाचला. खरं म्हणजे चाळीस सेकंद यायला हवे होते, बटण दाबायला पोरीला एक सेकंद उशीर झाला, आणि तो सेकंद तिने अधिक-उण्यात इमानदारीने धरला होता. "8.9 ते 9.9," दाजी म्हणाले. "आपलं सांगलीचं 9.78 यात बसतंय की नाही? बसतंय ना? मग चुकलं कुठे?" त्या संध्याकाळी ते दोन किलो भडंग घेऊन आले आणि जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना वाटलं. लोकांना वाटलं, पोरीला पहिला नंबर मिळाला. दाजींनी खुलासा केला, पण भडंग खाताना कोण ऐकतो.

हे बिऱ्हाड गावभागात, पहिल्या मजल्यावर. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा चढायला लागली. सांगलीत त्या दिवसांत माणूस माणसाला "कसा आहेस" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पाणी त्याच्याही वर चाललं तरी आमची जुनीजाणती मंडळी ओट्यावर बसून होती, कारण 2005 चा पूर त्यांनी पाहिला होता आणि तेव्हा पाणी त्यांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला थांबलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दहा मिनिटांनी कोयनेतून लाखो क्युसेक सुटत होते आणि अलमट्टीचे दरवाजे उघडत-मिटत होते.

"एका रीडिंगवरून आलेख काढता येत नाही," असं म्हणून दाजी खडू आणि फूटपट्टी घेऊन जिन्यात बसले. दर अर्ध्या तासाला भिंतीवर रेघ, रेघेशेजारी वेळ. पाण्यावर तरंग आला की दोनदा बघायचे आणि सरासरी घ्यायचे. खालच्या मजल्यावरच्या, आता वर आलेल्या आजी ओरडून विचारायच्या, "सर, किती?" तिसरी पायरी केव्हाच बुडाली. संध्याकाळी दाजी वर आले. "तासाला साडेचार सेंटीमीटर, अधिक-उणे एक. आपल्या उंबऱ्याला अजून नव्वद आहेत. म्हणजे सोळा ते सव्वीस तास."

"म्हणजे निघायचं का नाही?" ताई म्हणाली.

"निघायचं. उद्या सकाळी. पळापळ नको."

त्या रात्री अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कुणापाशी असला आकडा नव्हता. शेजारचे लोक अंधारात गाद्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालले होते, तेव्हा यांच्या जिन्यातली सहा बिऱ्हाडं ओळीने सामान गच्चीवर चढवत होती. आजींचं धान्य, सिलिंडर, देव, भाच्याची दहावीची पुस्तकं, आणि कापसात झोपवलेल्या त्या थिन फिल्म्स. सकाळी होडीतून सगळी बाहेर पडली. ताईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं आजोबांचं घड्याळ. आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि यांच्या उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबलं. पुढे कुणीतरी म्हणालंच, "सर, उगाच हलवलंत, आलं नसतं वर." दाजींनी वाद घातला नाही. म्हणाले, "शेवटी शेवटी आलेख वाकला. ते मला आदल्या दिवशी दिसणार कसं?"

विश्रामबागला माझ्या दोन खोल्यांत आम्ही नऊ दिवस आठजण राहिलो. त्याबद्दल एवढंच सांगतो, की बाथरूमचं वेळापत्रक दाजींनी केलं होतं आणि ते पाळलं गेलं.

पूर ओसरला, चिखल उपसला, भिंतींना फिनेलचा वास बसला. होडीत हिंदकळून घड्याळ बंद पडलं होतं. ताईने ते दुरुस्तीला दिलं. घड्याळजी म्हातारा, कामाचा पक्का. त्याने तेलपाणी केलं, लंबक बसवला आणि वेळ अगदी सेकंदाला सेकंद लावून दिली. ताईने रेडिओशी ताडून बघितली, तंतोतंत. तसंच भिंतीवर टांगलं.

सोमवारी दाजींना दुसऱ्या गावी प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक म्हणून जायचं होतं. सातची एस.टी., स्टँड दहा मिनिटांवर. अंघोळ करून बाहेर आले, घड्याळात सहा पन्नास. सवयीने अकरा वजा केले, सहा एकोणचाळीस. अजून दहा मिनिटं हातात आहेत असं म्हणून त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. चहा सावकाश प्यायले, बूट पुसले, घड्याळात सातला निघाले आणि स्टँडवर रिकाम्या फलाटाशी उभे राहिले. त्यांच्या नोकरीतली ही पहिली चुकलेली गाडी.

मी त्याच वेळी आईने दिलेलं लोणचं पोचवायला गेलो होतो. दाजी धापा टाकत वर आले, कुणाशी बोलले नाहीत, स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि मला म्हणाले, "धर."

"अहो, काय करताय?" ताई आतून ओरडली. "ते बरोबर लागलंय! मी रेडिओशी ताडून बघितलंय!"

"म्हणूनच," दाजी म्हणाले.

एका हातात मोबाइल धरून त्यांनी मोठा काटा बोटाने अकरा मिनिटं पुढे सरकवला. खाली उतरले, दोन पावलं मागे जाऊन सरळ समोरून बघितलं. मग पुन्हा स्टुलावर चढले आणि काटा अर्धा मिनिट मागे घेतला.

"आता बरोबर," म्हणाले. "पुढची एस.टी. किती वाजता आहे बघ रे."